ओहळ बदलला की माशी बदलते

कोल्हापुरातून पश्चिमेकडे निघाले की पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या आत पावसाचे मान पार बदलून जाते. शहरात वर्षाकाठी सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्यात तो पाच हजारांच्या वर जातो. या दोन टोकांच्या मध्ये शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा आणि राधानगरी या तालुक्यांत ओहळांचे आणि ओढ्यांचे जे दाट जाळे पसरले आहे, त्यातूनच कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती वाहत येतात आणि पुढे त्यांची पंचगंगा होते. या पाण्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पूर, धरणे, ऊस, कारखान्यांची मळी असे विषय दरवर्षी वर्तमानपत्रांत असतात. याच पाण्यात दगडाला चिकटून वाढणाऱ्या आणि मोठेपणी रक्त पिणाऱ्या एका माशीच्या कुळाविषयी मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. मला हे कुळ फार मोलाचे वाटते आणि ते का, हे नीट मांडावे म्हणून आज लिहायला बसलो आहे.

या कुळाचे शास्त्रीय नाव सिम्युलिडी आणि त्यातील सर्वांत मोठी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सिम्युलियम. या माशांना सर्वसाधारणपणे काळ्या माशा म्हणतात. जगभरात त्यांच्या २,४००हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. माशी लहानखुरी, बहुधा दोन ते चार मिलिमीटर लांबीची असते. तिची पाठ कुबडासारखी उंचावलेली असते, पंख रुंद आणि स्वच्छ पारदर्शक असतात आणि मिशा आखूड असतात. नर आणि मादी डोळ्यांवरून लगेच ओळखता येतात. नराचे डोळे डोक्याच्या वर एकमेकांना भिडलेले असतात आणि त्यांतील वरच्या भागातल्या भिंगिका मोठ्या असतात, कारण उडणारी मादी त्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर हेरायची असते. मादीच्या दोन डोळ्यांमध्ये स्पष्ट अंतर असते. नर फक्त फुलांतील मध किंवा तत्सम गोड रस घेतात. रक्त पितात त्या माद्या, आणि तेही अंडी पिकवण्यासाठी.

आंबा घाटात किंवा दाजीपूरच्या वाटेवर दिवसाढवळ्या पायाला, मानेला अगर कानामागे काहीतरी चावते, त्या जागी रक्ताचा बारीक ठिपका उमटतो आणि पुढे दोन-तीन दिवस तेथे सूज व खाज राहते, हा अनुभव पुष्कळांना असतो. असे चावणारे सगळेच जीव काळ्या माशा नसतात. गुरांवर बसणाऱ्या मोठ्या गोमाश्या वेगळ्या, काळ्या आजाराचा प्रसार करणाऱ्या वाळूमाश्या वेगळ्या आणि चिखलाजवळची अगदी सूक्ष्म चिलटेही वेगळी. काळी माशी डासाप्रमाणे सोंड खुपसून रक्तवाहिनीतून रक्त ओढत नाही. ती आपल्या दातेरी जबड्यांनी त्वचा कापते, त्या कापात रक्त साचू देते आणि मग ते पिते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी द्रव्ये असतात. नंतरची खाज आणि सूज ही त्या लाळेला आपल्या शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. ती दिवसा आणि उघड्यावर चावते. घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावण्याची तिला सवय नाही. जंगलात फिरताना अंगभर, फिक्या रंगाचे कपडे घातले तर तिचा त्रास पुष्कळ कमी होतो. चाव्याविषयी एवढे पुरे, कारण या माशीचे खरे आयुष्य पाण्यात आहे.

पावसाचा जोर ओसरला आणि ओहळाचे गढूळ पाणी निवळले की वाहत्या पाण्यात लोंबणारे एखादे गवताचे पाते किंवा दगडात अडकलेले पान अलगद उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवावे. पहिल्या क्षणी त्यावर फक्त काही करडे-तपकिरी ठिपके दिसतात. थोडे पाणी घालून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले की त्या ठिपक्यांच्या अळ्या होतात. शरीराचे मागचे टोक फुगीर, मधला भाग निमुळता आणि पुढे गडद डोके. मागच्या टोकाशी सूक्ष्म आकड्यांचे वर्तुळ असते. अळी आपल्या लाळग्रंथींतून रेशीम काढून पानावर किंवा दगडावर त्याची एक चकती चिकटवते आणि तिच्यात ते आकडे रुतवून प्रवाहात उभी राहते. तिला जागा बदलायची असेल तर ती छातीखालच्या एकुलत्या पायाने पुढे नवी चकती पकडते, मागचे टोक सोडवून जवळ आणते आणि अशी वाकत वाकत सरकते. धोका जाणवला तर रेशमाचा धागा सोडत ती प्रवाहाबरोबर खाली जाते आणि धोका टळल्यावर त्याच धाग्यावरून परत वर येऊ शकते. हे ताटलीत दिसत नाही. त्यासाठी ओहळाच्या काठी गुडघे टेकून, पाण्याशी डोळे नेऊन बराच वेळ बसावे लागते.

तिच्या डोक्यावर दोन पंखे असतात. प्रत्येक पंखा अनेक वाकड्या काड्यांचा असतो आणि प्रत्येक काडीवर त्याहून बारीक केसांची रांग असते. ती शरीराला पीळ देऊन हे पंखे प्रवाहात धरते, त्यांत अडकलेले जिवाणू, शेवाळाचे कण आणि कुजक्या पानांचा चुरा ती दर काही सेकंदांनी पंखा मिटून तोंडात खरवडून घेते आणि पंखा पुन्हा उघडते. म्हणजे ही अळी अन्नाच्या मागे जात नाही, अन्न वाहत तिच्याकडे येते. म्हणूनच तिला वाहते पाणी लागते. श्वासही ती त्वचेतूनच घेत असल्यामुळे पाण्यात भरपूर प्राणवायू मुरलेला असावा लागतो. साचलेल्या डबक्यात ही अळी तगत नाही. घरासमोरच्या टाकीत किंवा टायरात काळी माशी वाढते, ही समजूत त्यामुळेच चुकीची आहे.

पूर्ण वाढ झालेल्या अळीच्या छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग दिसू लागतो. तो कोशाच्या, म्हणजे अळी आणि माशी यांच्या मधल्या अवस्थेच्या, श्वसनतंतूंचा गुंडाळलेला जुडगा असतो. त्यानंतर अळी प्रवाह जिकडून येतो तिकडे बंद टोक करून रेशमी आवरण विणते. जातीप्रमाणे ते साध्या खिशासारखे किंवा पुढून उंचावलेल्या चपलेसारखे असते, आणि त्याच्या उघड्या तोंडातून कोशाचे श्वसनतंतू पाण्यात बाहेर येतात. कोणाला असे चार तंतू प्रत्येक बाजूला, कोणाला सहा, कोणाला आठ किंवा दहा, तर कोणाचे तंतू फुगून जाड नळीसारखे झालेले असतात. जाती वेगळ्या करताना अभ्यासकांचा पहिला भर या तंतूंवर असतो. माशी बाहेर येण्याची वेळ झाली की आवरण फाटते आणि माशी हवेच्या बुडबुड्यात बसून पाण्याच्या पृष्ठभागावर येते व उडून जाते. उबदार पाण्यात अंड्यापासून इथपर्यंतचा सगळा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत पुरा होऊ शकतो.

आता वैविध्याकडे वळतो. उष्ण कटिबंधातील जंगलात शे-दोनशे पावलांच्या अंतराने दोन ओहळ वाहत असले तरी त्यांत एकाच जातीची अळी सापडेल, असे गृहीत धरता येत नाही. हात-दीड हात रुंदीचा, झाडांच्या दाट सावलीतला, तळाशी वाळू आणि पाने असलेला संथ ओहळ ज्या जातींना मानवतो, त्या जाती उघड्या उन्हातल्या, मोठ्या धोंड्यांवरून फेसाळत जाणाऱ्या ओढ्यात मिळत नाहीत. थायलंड आणि मलेशियातील जंगलांत अशा पाहण्या पुष्कळ झाल्या आहेत आणि त्यांतून पुनःपुन्हा तेच घटक पुढे आले आहेत: ओढ्याची रुंदी, खोली आणि वेग, तळाच्या दगडांचा आकार, वरची सावली, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तिच्याबरोबर बदलणारे पाण्याचे तापमान, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. थोड्याच जाती बहुतेक सगळ्या ओढ्यांत आढळतात आणि उरलेल्या पुष्कळ जाती फक्त मोजक्या ओढ्यांपुरत्या असतात. त्यामुळे एका जंगलातील एक ओढा पाहून त्या जंगलातील जातींचा अंदाज बांधता येत नाही. जितके ओढे वेगळे, तितकी यादी लांबत जाते.

प्रवाहाप्रमाणे शरीरही बदलते. धबधब्याच्या कड्यावर पाण्याचा पातळ, जोराचा पडदा वाहत असतो. तेथे राहणाऱ्या काही जातींच्या अळ्यांचे पंखे लहान झाले आहेत किंवा जवळजवळ नाहीसे झाले आहेत, आणि त्या गाळून खाण्याऐवजी दगडावरचा थर खरवडून खातात. प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर काळ्या माशांचा एक मोठा गट असा वेगवेगळ्या प्रवाहांत विभागला गेला आहे. कोणी कड्यांवर, कोणी ओहळांत, कोणी नदीत, अशी त्यांची पांगापांग झाली आहे. पाण्याचा एखादा विशिष्ट तुकडा कोणाचे घर आहे हे ठाऊक असल्याशिवाय तो तुकडा वळवला तर काय जाईल, हे सांगता येत नाही.

या कुळातील मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट मात्र पूर्व आफ्रिकेतील आहे. तेथे सिम्युलियम नेवाय या जातीच्या माशा माणसांना चावत होत्या, त्यांच्यामुळे रोगही पसरत होता, परंतु त्यांच्या अळ्या नदीत कोठेच सापडत नव्हत्या. दगड पाहिले, गवत पाहिले, बुडालेल्या फांद्या पाहिल्या, तरी काहीच मिळेना. अखेर १९५० साली उलगडा झाला. त्या अळ्या गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या पाठीवर राहत होत्या. खेकडा जंगलातल्या सावलीच्या ओढ्यांत राहतो, म्हणून माशीही तेथेच. जंगल तुटले, ओढा उघडा पडला आणि खेकडे गेले की त्यांच्याबरोबर माशीही जाते. आपल्या सह्याद्रीत खेकड्यांच्या कितीतरी जाती आहेत आणि पावसाळ्याच्या तोंडाला खेकडे धरायला बॅटऱ्या घेऊन ओढ्यावर जाणारी माणसे कोल्हापूरच्या पश्चिम भागात गावोगाव आहेत. तेव्हा एक विनंती करावीशी वाटते: हातात आलेल्या खेकड्याची पाठ आणि पायांचे सांधे एकदा भिंगातून बघावेत. काही सापडेलच असे मी म्हणत नाही, पण बघितल्याशिवाय सापडणार नाही, हेही तितकेच खरे.

शरीराच्या ठेवणीवरून दोन माश्या हुबेहूब सारख्या दिसल्या तरी त्या एकाच जातीच्या असतील, असेही नाही. अळीच्या रेशीमग्रंथींतील गुणसूत्रे प्रचंड मोठी असतात आणि रंग दिल्यावर त्यांवर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. या पट्ट्यांचा क्रम वाचूनच आफ्रिकेतील सिम्युलियम डॅम्नोसम ही एक जात म्हणून ओळखली जाणारी माशी प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह आहे, हे उघड झाले. त्यांतल्या काही गवताळ प्रदेशातल्या, काही जंगलातल्या. कोणी माणसाला चावणाऱ्या, कोणी नाही. आता डीएनएच्या ठरावीक तुकड्याचा क्रम वाचूनही अशा लपलेल्या जाती वेगळ्या करतात. जातींची संख्या वाढत राहिली आहे ती केवळ नवी जंगले पालथी घातल्यामुळे नाही, तर जुन्याच जंगलांतील माश्या नव्या नजरेने तपासल्यामुळेही.

जात नेमकी ओळखण्याला किती महत्त्व आहे, हे नदीअंधत्वाच्या इतिहासावरून कळते. ऑन्कोसर्का व्हॉल्व्युलस हा कृमी काळ्या माशीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात जातो, त्याची पिल्ले त्वचेत आणि डोळ्यांत पसरतात आणि वर्षानुवर्षे चावे होत राहिले तर दृष्टी जाते. हा रोग मुख्यतः आफ्रिकेतला. भारतात तो नाही, ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण काळ्या माशीचे नाव काढले की महाजालावर वाचलेल्या माहितीमुळे काही जण घाबरून जातात. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठची सुपीक जमीन टाकून गावेच्या गावे उठून गेली होती. तेथे १९७४ साली नियंत्रणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, अखेरीस तो अकरा देशांत पसरला आणि २००२ पर्यंत चालला. हेलिकॉप्टर व विमानांतून नद्यांत अळीनाशके सोडली जात. काही वर्षांतच काही जातींच्या अळ्या टेमेफॉस या औषधाला दाद देईनाशा झाल्या आणि जिवाणूंपासून बनवलेल्या बीटीआयसारख्या पर्यायांकडे वळावे लागले. कोणत्या नदीत कोणती जात आहे, ती वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर येते की तेथेच वाढते, हे कळल्याशिवाय औषध कोठे टाकायचे हेच ठरत नव्हते. पुढे १९८७पासून माणसांना द्यायचे आयव्हरमेक्टिन हे कृमीविरोधी औषध मोफत मिळू लागले आणि त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोलंबिया, इक्वाडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांतून हा रोग आता नाहीसा झाला आहे.

आपल्या देशात या माशांचा अभ्यास जुना आहे. हिमालयाच्या पायथ्याशी चहाच्या मळ्यांतील मजुरांना सतावणाऱ्या सिम्युलियम इंडिकम या जातीचे वर्णन १८८५ साली झाले. आय. एम. पुरी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय काळ्या माशांवर लेखमाला लिहिली आणि तिचा आधार आजही घ्यावा लागतो. अलीकडे सह्याद्रीच्या दक्षिण भागातून, विशेषतः तमिळनाडूच्या डोंगरांतून, नव्या जातींची वर्णने झाली आहेत. आमच्या भागाची बाजू मला तुलनेने लंगडी वाटते. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे, तेथील गव्यांची गणना होते, फुलपाखरांच्या याद्या होतात, आणि ते व्हायलाच हवे. पण ज्या ओहळांवर ते जंगल उभे आहे, त्या ओहळांतल्या किड्यांकडे तितक्या आस्थेने पाहिले जावे, असे मला मनापासून वाटते. काळ्या माशीच्या अळ्या पाण्यातले अतिसूक्ष्म कण गाळून घेतात आणि त्यांची विष्ठा त्याहून मोठ्या गोळ्यांच्या रूपाने तळाशी बसते, जी मग इतर किड्यांना खाता येते. त्या स्वतः मासे आणि शिकारी कीटकांचे खाद्य होतात. ओढ्याच्या अन्नसाखळीतून त्या वजा केल्या तर वरच्या पायऱ्या रिकाम्या पडू लागतील.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माश्या पुष्कळ असणे आणि माश्यांच्या जाती पुष्कळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेकदा त्या एकमेकींच्या उलट चालतात. याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बघायला मिळते. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी ते काढतात. बरगे घातल्यावर वरच्या अंगाला नदी थांबते. तिचा वाहता पट्टा साचलेल्या पाण्यात बदलतो आणि वाहत्या पाण्यातल्या अळ्यांना तेथे जागा उरत नाही. खालच्या अंगाला मात्र बरग्यांच्या फटींतून सतत पाणी गळत असते, वर साचलेल्या पाण्यात वाढलेले शेवाळ त्यातून अखंड येत राहते आणि त्या ओल्या दगडी बांधकामावर अळ्यांचा असा थर बसतो की दगड खरखरीत काळा दिसावा. भिंग लावून त्यातील कोश तपासावेत, तर श्वसनतंतूंची ठेवण बहुतेक सगळ्यांची एकसारखी. संख्येने अफाट, वैविध्याने अगदी दरिद्री. धरणांच्या आणि तलावांच्या सांडव्याखालीही जगभर हेच आढळते.

गगनबावड्याकडे जंगलातल्या सावलीच्या ओहळात याच्या बरोबर उलट चित्र असते. बराच वेळ पाने उलटावी तेव्हा ओंजळभर अळ्या मिळतात, पण त्या ओंजळीत तीन-चार तऱ्हेचे कोश असतात. तेथे कोणत्याही एका जातीला मोकळे रान मिळत नाही. ज्यांना माशीच्या चाव्याची काळजी वाटते, त्यांनी उलट जंगलातल्या ओहळाचीच बाजू घ्यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. झाडी तोडून ओहळ उघडा केला, त्यात शेतातील खताचे पाणी सोडले किंवा उगमापाशीच पाइप बसवून सायफनने पाणी नेले, तर निवडक जागेवर जगणाऱ्या जाती आधी जातात आणि वाटेल तेथे तग धरणाऱ्या थोड्या जातींना ती जागा आयती मिळते. या शेवटच्या जाती नेमक्या माणसाला किंवा गुरांना चावणाऱ्या निघाल्या तर त्रास वाढतो. शिवाय पुष्कळ जाती माणसाच्या वाटेला जातच नाहीत. काही जातींच्या माद्या पक्ष्यांचेच रक्त घेतात आणि पिसांत पकड घेण्यासाठी त्यांच्या नखीच्या बुडाशी एक मोठा दात असतो. थोड्या जातींच्या माद्यांचे जबडे तर इतके दुबळे असतात की त्या कोणालाच चावू शकत नाहीत.

प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आमच्या भागातील मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे, असे मला फार वाटते, कारण त्याला महागडी साधने लागत नाहीत. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची लेखी परवानगी लागते, पण हद्दीबाहेरही ओहळ पुष्कळ आहेत. एकाच ओहळाचा ठरावीक लांबीचा तुकडा निवडून तेथील पाने, मुळ्या, गवत आणि दगड ठरावीक वेळ तपासावेत, म्हणजे दोन ओहळांची तुलना करता येते. रुंदी, खोली, पाण्याचे तापमान, तळ कसा आहे आणि वर सावली किती, हे तेथल्या तेथे वहीत लिहावे. अळ्या तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. ज्यांची गुणसूत्रे पाहायची असतील त्या मात्र अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या ताज्या मिश्रणात. कोश मारू नयेत. ओल्या टिपकागदाचा तुकडा घातलेल्या लहान कुपीत एकेक कोश वेगळा ठेवून कुपी सावलीत थंड राखली, तर एक-दोन दिवसांत माशी बाहेर येते. तिचे पंख आणि पाय कडक होईपर्यंत काही तास वाट पाहावी आणि मग ती माशी व तिचे रिकामे कोशावरण दोन्ही एकाच कुपीत अल्कोहोलमध्ये ठेवावे, कारण अमुक तंतूंच्या कोशातून अमुक माशी निघाली, हा पुरावा त्या जोडीशिवाय मिळत नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आतच घालावी, आणि तिच्यावर ओहळाचे स्थानिक नाव, जवळचे गाव आणि तारीख ही तिन्ही असावीत.